गुरांचा डॉक्टर माणसं कशी वाचवतो?

जुलैचा महिना आहे. रात्रभर पाऊस कोसळतोय. तुम्ही मुंबईलगतच्या मीरा रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरून नया नगरच्या दिशेनं निघालात आणि हैदरी चौकाच्या अलीकडेच पाणी घोट्याच्या वर आलं. खाडीला भरती आहे, त्यामुळे नाल्यातलं पाणी बाहेर पडायला वाटच नाही. चपला हातात घेतल्या, पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चाललात. पाणी गढूळ आहे, वासही मारतंय, पण पावसाळ्यात याची आपल्याला सवय असते. घरी पोचलात, पाय धुतले, चहा झाला. विषय संपला.

खरंच संपला? त्या पाण्यात कोण होतं ते जरा बघू या.

त्यात एक जंतू पोहत असतो. तो इतका बारीक, की नेहमीच्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतच नाही. काळ्याभोर पार्श्वभूमीवर प्रकाश तिरका टाकला तरच त्याची चकाकणारी रेघ नजरेला पडते. लांबी साधारण मिलिमीटरचा शंभरावा भाग. अंगाला पीळच पीळ आणि टोकं अशी वळलेली, की तो थेट प्रश्नचिन्हासारखा दिसतो. स्वतःभोवती गरगर फिरत तो पाण्यात पुढे सरकतो. त्याचं नाव लेप्टोस्पायरा.

हा आला कुठून? उंदराच्या मूत्रपिंडातून. आणि पहिलं आश्चर्य इथेच आहे: त्या उंदराला काहीही झालेलं नसतं. मूत्रपिंडातल्या बारीक नळ्यांमध्ये हे जंतू घर करून राहतात, उंदीर मजेत खातो-पितो, पिल्लं घालतो आणि जन्मभर लघवीवाटे कोट्यवधी जंतू बाहेर सोडत राहतो. उन्हाळ्यात ही लघवी वाळते आणि जंतूही वाळून मरतात. पण पाऊस आला, गटारं भरली, बिळांत पाणी शिरलं, की शहरातल्या सगळ्या उंदरांचा हा साठा एकाच पाण्यात मिसळतो. त्या पाण्यातून तुम्ही चाललात. टाचेला भेग होती, किंवा नव्या चपलेनं अंगठ्याजवळ सोललं होतं. जंतूला तेवढी फट पुरते.

पुढचा डाव तर फारच हुशारीचा. त्या रात्री काही होत नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. साधारण पाच ते चौदा दिवसांनी ताप येतो, पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल होतात. तोवर पाणी ओसरलेलं असतं आणि ते पाणी तुडवल्याचं तुम्ही विसरूनही गेलेले असता. बहुतेक जण औषधांनी बरे होतात. पण काहींना कावीळ होते, मूत्रपिंडं बंद पडतात, फुप्फुसात रक्तस्राव होतो.

आता एक तारीख बघा. १९ जून २०१५ ला मुंबईत धुवाधार पाऊस झाला, सखल भाग पाण्याखाली गेले. आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात दहिसर ते मालाड या पट्ट्यात लेप्टोस्पायरोसिसनं माणसं दगावू लागली. दहिसर म्हणजे मीरा रोडच्या अलीकडचंच स्टेशन. पाऊस आणि पहिले मृत्यू यांमधले दिवस मोजलेत तर जंतूचं वेळापत्रक आपोआप समोर येतं.

तापानं फणफणलेला माणूस दवाखान्यात येतो तेव्हा डॉक्टरला साखळीची शेवटची कडी दिसते. पहिली कडी उंदरात, रस्त्यावरच्या कुत्र्यात, तबेल्यातल्या म्हशीत असते. ती कोण तपासणार? त्यासाठी लागतो पशुवैद्य, ज्याला आपण इतकी वर्षं ‘गुरांचा डॉक्टर’ म्हणून गावाकडे सोडून दिलंय. २०१५ मध्येही त्या पट्ट्यातल्या जनावरांच्या रक्ताचे नमुने तपासायला घ्यावे लागले होते. माणसाचा आजार कुठून आला हे शोधायचं, तर माणसाच्या पलीकडे बघावंच लागतं.

परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं ते १८८६ साली. योगायोग असा, की त्याच वर्षी जर्मनीत अडॉल्फ वाईल यांनी ताप, कावीळ आणि मूत्रपिंडाचा बिघाड एकत्र दिसणाऱ्या एका विचित्र आजाराचं वर्णन प्रसिद्ध केलं. हाच तो आजार. त्याचा जंतू सापडायला १९१५ उजाडलं, तेही जपानमध्ये. आज तुमच्या शेजारच्या कुत्र्याला वर्षातून एकदा जी लस टोचली जाते, तिच्यात बहुधा या जंतूविरुद्धचीही लस असते. ती कुत्र्याला वाचवते, आणि त्या कुत्र्याबरोबर अंगणात लोळणाऱ्या मुलांनाही.

इथे एक कामाची गोष्ट सांगून ठेवतो. साचलेल्या पाण्यातून चालून आल्यावर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक गोळी घ्या, असं मुंबई महापालिका दर पावसाळ्यात सांगते. ते मनावर घ्या. पायाला जखम असेल तर नक्कीच.

आता उंदरांचा विषय निघालाच आहे, तर जरा मागे जाऊ. ‘उंदीर पडले’ हे दोन शब्द ऐकून आपल्या पणजोबांच्या पिढीच्या पोटात गोळा यायचा. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि तिथून पुण्याकडे, गावोगाव पसरला. घरात उंदीर मरून पडला की माणसं बाडबिस्तरा घेऊन घर सोडायची आणि रानात झोपड्या घालून राहायची. कुणी शिकवलं होतं त्यांना हे? कुणीच नाही. उंदराचा मृत्यू आपल्या मृत्यूच्या आधी येतो, एवढं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्यामागचं कारण उलगडलं ते पुढे. उंदराच्या अंगावरची पिसू त्याचं रक्त पिते. उंदीर मेला, अंग गार पडलं, की ती नवं ऊबदार अंग शोधायला निघते. त्यात भर म्हणजे प्लेगचे जंतू तिच्या पोटात वाढून अन्नाची वाटच बुजवून टाकतात. पिसू उपाशी. ती चावते, रक्त ओढते, पण ते आत जातच नाही; जंतूंसकट परत जखमेत येतं. ती पुन्हा चावते. भुकेनं वेडी झालेली पिसू चावतच सुटते! परळच्या प्रयोगशाळेतून काम करणाऱ्या प्लेग आयोगानं विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात प्लेग पिसूच पसरवते, हे गिनीपिग ठेवून पडताळून पाहिलं. पिसू फार उंच उडी मारू शकत नाही. त्यामुळे जमिनीलगतच्या पिंजऱ्यातली जनावरं आजारी पडली आणि तिच्या उडीपलीकडे, उंचावर टांगलेल्या पिंजऱ्यातली वाचली. किती साधा प्रयोग आणि केवढं मोठं उत्तर!

हे सगळं इतिहासजमा झालं, असं वाटत असेल तर १९९३ आठवा. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. त्याचे हादरे बीड जिल्ह्यातही बसले. तिथल्या मामला गावात लोक तडे गेलेल्या घरांत झोपायला घाबरू लागले. ते बाहेर तात्पुरत्या निवाऱ्यात राहिले आणि जुन्या घरांत धान्य साठवलं. रिकामी घरं, भरपूर धान्य, माणसांचा वावर नाही. उंदरांना याहून काय हवं? १९९४ च्या ऑगस्टमध्ये मामल्यात उंदीर पडू लागले, पिसवांचा उच्छाद झाला आणि मग माणसांच्या काखेत-जांघेत गाठी आल्या. अनेक अभ्यासक हा सगळा धागा भूकंपाशी जोडतात. जमीन हलली ती काही सेकंद, आणि तिचा परिणाम जवळजवळ वर्षभरानं वेगळ्याच रूपात उगवला. आपत्तीचं नियोजन करणाऱ्यांच्या टेबलाशी उंदीर, पिसू, गुरं, धान्य यांचा एकत्र विचार करणारा माणूस का हवा, हे समजायला मला तरी मामल्याइतकं बोलकं उदाहरण दुसरं माहीत नाही.

उंदराचं तेच माकडाचं. १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरून पडू लागली आणि पाठोपाठ गावकऱ्यांना जबर ताप येऊ लागला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातले शास्त्रज्ञ धावले. आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणजेच तेव्हाचं हे केंद्र. माकडं मरतात म्हणजे आफ्रिकेतला पीतज्वर भारतात आला की काय, अशी पहिली धास्ती होती. निघाला मात्र अगदीच नवा विषाणू, आणि त्याचं नातं होतं थेट रशियातल्या थंड प्रदेशातल्या विषाणूंशी. वाहक होती गोचीड. माकड मेलं की गोचिडी त्याच्या अंगावरून उतरून आसपासच्या पाचोळ्यात पसरतात आणि तिथे काजू वेचायला, लाकूड आणायला गेलेल्या माणसाला चावतात.

हाच माकडताप पुढे गोव्यात सत्तरी तालुक्यात आणि सिंधुदुर्गात दोडामार्ग-बांदा भागात पोचला. तिथल्या काजूच्या बागांत आज मेलेलं माकड दिसणं म्हणजे धोक्याची घंटाच. लोकांनी कळवायचं, पशुवैद्यानं पूर्ण पोशाख चढवून शवविच्छेदन करायचं, नमुने प्रयोगशाळेत पाठवायचे आणि आरोग्य खात्यानं त्या परिसरातल्या माणसांना सावध करायचं. माणसाला ताप येण्याआधीच! यात जे दिवस हाती लागतात, तेच जीव वाचवतात.

शहरात माकडाची जागा कावळा घेतो. १९९९ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये माणसांना मेंदूज्वर होऊ लागला आणि तज्ज्ञांनी निदान केलं सेंट लुई एन्सेफलायटिसचं. त्याच सुमारास तिथे कावळे टपाटप मरत होते. ब्राँक्सच्या प्राणिसंग्रहालयातल्या पशुविकृतितज्ज्ञ ट्रेसी मॅकनमारा यांना हे निदान पटेना. का? कारण सेंट लुईचा विषाणू पक्ष्यांच्या अंगात राहतो, पण पक्ष्यांना मारत नाही. मग कावळे, फ्लेमिंगो का मरतायत? दुसरा संशयित होता घोड्यांचा मेंदूज्वर, पण त्यानं इमू पक्षी पटकन मरतात, आणि संग्रहालयातले इमू तर ठणठणीत होते. म्हणजे दोन्ही नाहीत. तिसराच कुणीतरी आहे! बाईंनी पिच्छा सोडला नाही, आणि अखेर सिद्ध झालं, की अमेरिका खंडात तोवर कधीच न दिसलेला वेस्ट नाईल विषाणू दाखल झाला होता. कोण मेलं यावरून, आणि तितकंच कोण मेलं नाही यावरून रोग ओळखायचा. अनेक जाती एका नजरेत धरणं हे पशुवैद्याचं रोजचंच शिक्षण असतं. आपल्या डॉक्टरांना एकच जात शिकवतात.

महाराष्ट्रानं ही नजर २००६ मध्ये कामाला लागलेली पाहिली. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला कोंबड्या पटापट मरू लागल्या, भोपाळच्या अतिसुरक्षित प्रयोगशाळेनं फेब्रुवारीत बर्ड फ्लू असल्याचं सांगितलं, आणि तो भारतातला पहिलाच. मग प्रादुर्भावाच्या जागेभोवती तीन किलोमीटरचं वर्तुळ आखून आतल्या सगळ्या कोंबड्या नष्ट करायच्या आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवायची, असं ठरलं. लाखो पक्षी गेले. पोल्ट्रीवाल्यांचे संसार कोलमडले, ते दुःख लहान नव्हतं. पण त्या उद्रेकात माणसाला लागण झाल्याचं एकही प्रकरण सिद्ध झालं नाही. उकाड्यात डोक्यापासून पायापर्यंत प्लास्टिकचा पोशाख घालून शेडमध्ये दिवसचे दिवस उभ्या राहिलेल्या त्या पशुधन विकास अधिकाऱ्यांची आणि पर्यवेक्षकांची नावं आपल्यापैकी कुणाला माहीत आहेत?

आता परत पाण्याकडे येऊ. २६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. पश्चिम उपनगरांतल्या तबेल्यांत म्हशी मेल्या, हजारो जनावरांची मढी शहरभर सडत पडली. पण थांबा, म्हैस तर उत्तम पोहते! नाकपुड्या तेवढ्या वर ठेवून तासन् तास पाण्यात राहणारं जनावर ते. मग ती बुडाली कशी?

दाव्यामुळे. पाणी चढतं, म्हैस मान वर ओढते, दावं आखडतं. भिजलेला दोर फुगतो आणि गाठ आणखी घट्ट बसते. घाबरलेल्या जनावराच्या गळ्याखाली, अंधारात, छातीभर पाण्यात ती गाठ बोटांनी सोडवून बघा. सुटत नाही. म्हणून पूर यायच्या आधी पशुवैद्य गावात सांगत फिरतात: घर सोडताना दावी सोडा, दार उघडं ठेवा, जनावर आपली वाट शोधेल. आणि पावसाळ्यात गाठ अशी मारा, की मोकळं टोक ओढलं की ती एका झटक्यात सुटावी. शिवाय गोठ्यात हाताशी कोयता ठेवा. माझ्या मते आपत्ती व्यवस्थापनातलं यापेक्षा स्वस्त साधन जगात नसेल.

जनावर पुरातून वाचलं, चार दिवस उपाशी होतं, आता छावणीत उभं आहे. मदतीचा ट्रक येतो. लोकांनी प्रेमानं भात, पोळ्या, गहू, मका पाठवलाय. भुकेलं जनावर पोटभर खातं आणि दुसऱ्या दिवशी आडवं पडतं. मरतं. काय झालं?

गाईच्या पोटातला पहिला कप्पा म्हणजे कोटीपोट. त्यात शंभर लिटरहून जास्त मावतं, आणि त्या रसाच्या एकेका थेंबात कोट्यवधी जिवाणू नांदतात. गवत गाय पचवतच नाही, ते जिवाणू पचवतात. गाय जगते ती त्यांच्या आंबवण्यावर. उपासानं कडबा पचवणाऱ्या जिवाणूंची फौज रोडावते. अशात एकदम पिठूळ अन्न आत पडलं, की भलतेच जिवाणू फोफावतात आणि आम्ल तयार करत सुटतात. वैशाखाच्या उकाड्यात इडलीचं पीठ रात्रीतून उतू जाऊन आंबटढाण होतं ना, तसंच, फक्त हे भांडं जिवंत असतं. आम्लानं आतलं अस्तर पोळतं, मग ते आम्ल रक्तात उतरतं. म्हणून छावणीतला पशुवैद्य ट्रकच्या फाळक्यापाशी उभा राहून सांगतो, ‘आधी कोरडी वैरण, पाणी, मग हळूहळू बाकीचं.’ दात्यांना वाईट वाटतं. पण तो तिथे उभा नसेल तर पुरातून वाचलेलं जनावर दयेनं मरतं.

खरं तर पशुवैद्याचं पुराचं काम सुरू होतं ते मे महिन्यात, आकाशात ढगही नसताना. घटसर्पाचा जंतू कित्येक धडधाकट गुरांच्या घशात गुपचूप बसलेला असतो. पहिल्या पावसाची झड, गारठा, ओला चारा, धावपळ यांनी जनावर खचलं की तो उसळतो. घसा सुजतो, श्वास घरघरतो आणि दिवसभरात खेळ खलास. लस टोचल्यावर अंगात प्रतिकारशक्ती यायला काही आठवडे लागतात, त्यामुळे पाऊस पडल्यावर धावून फार उपयोग नाही. भर उन्हात गोठ्यागोठ्यात जाऊन घटसर्प आणि फऱ्या या गुरांच्या आजारांची लस देणारा तो माणूस जुलैतल्या पुराची तयारी करत असतो. जून-जुलैत गावात काहीच घडत नाही आणि त्यामुळे ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

मेलेल्या जनावराची गोष्ट आणखी चमत्कारिक. पूर ओसरला, फुगलेलं मढं पडलंय. कुणीतरी म्हणतं, कातडं तरी काढून घेऊ. पशुवैद्य ओरडतो, हात लावू नका! नाकातोंडातून काळपट, न गोठलेलं रक्त आलं असेल तर काळपुळीचा, म्हणजे अँथ्रॅक्सचा, संशय असतो. या जंतूला बाहेरची हवा लागली, की तो स्वतःभोवती कवच करून बीजाणू बनतो आणि मातीत दशकानुदशकं तसाच पडून राहतो. मढं फाडलंत तर त्याला हवी ती हवा तुम्हीच दिलीत. म्हणून कानाच्या शिरेतून रक्ताचा एक थेंब घ्यायचा, काचेवर पसरून तपासायचा, आणि मढं न फाडता विहिरीपासून लांब खोल खड्ड्यात चुना घालून पुरायचं. २०१६ मध्ये सायबेरियातल्या यामालमध्ये कडक उन्हाळ्यानं गोठलेली जमीन वितळली आणि जुना जंतू जागा झाला. दोन हजारांहून जास्त रेनडिअर मेले आणि एक बारा वर्षांचा मुलगाही. जमीन विसरत नाही. जुन्या मढ्यांच्या जागा कुठे आहेत याची नोंद ठेवणं, हेही म्हणूनच आपत्तीचं नियोजन.

आणि माणसांचं काय? बोट दारात आलीये, जवान हात पुढे करतायत आणि म्हातारी म्हणते, ‘माझी म्हस सोडून मी यायची न्हाई.’ ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा सांगली-कोल्हापुरात कित्येक कुटुंबं जनावरांपायी घरात अडकून राहिली. हा हट्ट नाही. ती म्हैस म्हणजे त्या घरचा पगार, विमा आणि लेकरू, सगळं एकदमच. अमेरिकेनं हाच धडा २००५ च्या कॅटरिना वादळात घेतला. तिथे पाळीव कुत्र्या-मांजरांना बोटीत घेत नव्हते, म्हणून अनेकांनी घर सोडलं नाही आणि त्यात माणसं गेली. पुढच्याच वर्षी त्यांनी कायदा केला, की सुटकेच्या आराखड्यात पाळीव प्राण्यांची सोय हवीच. आपल्याकडे २०२१ च्या जुलैत पाणी चढू लागलं तेव्हा शिरोळ तालुक्यातल्या अनेक गावांनी माणसांबरोबर जनावरंही आधीच हलवली. गोठा आधी हलला की घर आपोआप हलतं.

पाणी उतरल्यावर एक कागद उरतो, पंचनामा. जनावर मेलं, हे पशुवैद्यानं लिहून दिलं तर भरपाई मिळते. केंद्राच्या २०२२ च्या निकषांनुसार दुधाळ गाय-म्हशीला ३७,५०० रुपये, ओढकामाच्या जनावराला ३२,००० आणि शेळी-मेंढीला ४,००० रुपये. पण मढं वाहूनच गेलं तर ते तुमचं होतं हे कसं ठरवणार? इथे उपयोगी पडते कानातल्या पिवळ्या बिल्ल्याची नोंद, त्यावरच्या बारा आकड्यांसकट. दोन शेळ्यांवर घर चालवणाऱ्या बाईसाठी हा बिल्ला म्हणजे बँकेचं पासबुकच.

‘हे सगळं गावाकडचं,’ असं नया नगरमधल्या कुणाला वाटेल. पण बकरी ईदच्या आधीचे दिवस डोळ्यांपुढे आणा. राजस्थान, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेशातून ट्रक येतात. देवनारच्या बाजारात लाखाहून जास्त बकरे उतरतात आणि तिथून मुंबईभर, मीरा-भाईंदरपर्यंत पोचतात. घराघरातली पोरं त्यांना पाला भरवतात, नावं ठेवतात. २०२० ते २०२४ अशी सलग पाच वर्षं ही ईद जून ते ऑगस्टच्या दरम्यान, म्हणजे ऐन पावसाच्या दिवसांत आली. २०२१ मध्ये ती २१ जुलैला होती, आणि दुसऱ्याच दिवशी चिपळूण पाण्याखाली गेलं. शेकडो मैलांच्या प्रवासानं शिणलेला बकरा भिजला की त्याला न्यूमोनिया गाठतो, आणि कळपात पीपीआर हा शेळ्या-मेंढ्यांचा साथरोग शिरला तर तो पेटल्यासारखा पसरतो. बाजारात उभा असलेला पशुवैद्य बकऱ्याचं नाक बघतो, हिरड्या बघतो, चाल बघतो, ताप मोजतो. बकऱ्याचं नेहमीचं तापमान असतं १०२-१०३ अंश फॅरनहाइट. आपल्याला जो सणसणीत ताप, तो त्याचा रोजचा दिवस! पशुवैद्याच्या नजरेतून सुटून आजारी जनावर वस्तीत गेलं, तर नुकसान वस्तीचं. दर वर्षी ठरलेल्या दिवशी हजारो जनावरं दाट वस्तीत सुखरूप आणणं आणि स्वच्छता राखून सण पार पाडणं, यापेक्षा चांगली आपत्तीची रंगीत तालीम शहराला कुठे मिळणार?

२००५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला आणि २०१६ मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन विभागानं जनावरांसाठी आपत्तीचा वेगळा आराखडा काढला. कागद आहेत. माझं म्हणणं एवढंच, की शहराच्या नियंत्रण कक्षात पाणी चढायच्या आधीपासून पशुवैद्याची खुर्ची असली पाहिजे. मेलेलं जनावर उचलायला नव्हे, तर उंदीर कुठे वाढलेत, तबेले कुठल्या सखल भागात आहेत, भटक्या कुत्र्यांचं लसीकरण किती झालंय, मढी कुठे पुरायची, हे आधीच सांगायला.

आणि तुमच्याकडून एवढं व्हावं. सोसायटीच्या आवारात एकाच वेळी दोन-चार कावळे, कबुतरं किंवा उंदीर मेलेले दिसले, तर झाडूनं लोटून देऊ नका, हातही लावू नका, महापालिकेला कळवा. कुत्र्याची लस चुकवू नका. घरी बकरा आणाल तेव्हा तो कोरड्या जागी, सैल दोरानं बांधा. गावी गोठा असेल तर मे महिन्यात फोन करून विचारा, लस टोचून झाली का, कानात बिल्ला आहे का. आणि जनावर आजारी असेल तेव्हा महाराष्ट्रात कुठूनही लावता येणारा पशुवैद्यकीय मदतीचा क्रमांक आजच फोनमध्ये नोंदवून ठेवा: १९६२. त्याला पैसे पडत नाहीत.